मला न झालेल्या पथरीची गोष्ट

मागच्या दिवाळीत तुम्ही जबलपूरला, रांझीत आमच्या गल्लीत येऊन विचारलं असतं, की सुषमाचं कशाचं ऑपरेशन झालं, तर कोणीही सांगितलं असतं, पोटातल्या खड्याचं, पथरीचं. केवढी होती तेही बोटाच्या पेरावर दाखवलं असतं, कारण अर्ध्या गल्लीने ती बाटलीत ठेवलेली पाहिली होती. आणि मला तर पथरी झालीच नव्हती. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता.

हे वाक्य आज मी सरळ लिहून राहिले, पण तेव्हा घरात हा शब्द कोणाच्या तोंडून निघत नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते. हृदय, फुप्फुसं, जठर, सगळं फळ्यावर काढते. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा ‘इथे’, ‘ह्या बाजूला’ असं बोट दाखवून भागवत होते. मी काही डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याचं सांगणार नाही. माझ्यासारखी कोणी घाबरून घरात बसली असेल, तिला सोबत म्हणून लिहितेय. थोडं हसवायचंही आहे, कारण आमच्या घरात त्या दिवसांत जेवढं रडणं झालं तेवढंच हसणंही झालं, आणि दोन्हीला कारण बरेचदा एकच, माझ्या सासूबाई.

खोव्याची जलेबी

गाठ आंघोळ करताना हाताला लागली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, न दुखणारी. न दुखणाऱ्या गोष्टीकडे आपण बायका कशाला लक्ष देतो? दुखणाऱ्याकडेच देत नाही. पण गणपतीत, भर आरतीत टाळ्या वाजवता वाजवता हात तिकडेच जायला लागला, तेव्हा ह्यांना सांगितलं. हे म्हणजे माझे यजमान, अरविंद. फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते, आता रिटायर झालेत. सारी नोकरी माल तपासून पास-नापास करण्यात गेली, त्यामुळे ‘बघू नंतर’ हे त्यांना चालतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला स्कूटरवर बसवलं आणि नेपियर टाउनातलं हॉस्पिटल गाठलं.

तपासण्या झाल्या, सुईने तुकडा काढून पाठवला, आणि मग रिपोर्टचा दिवस आला. डॉक्टर मॅडम शांतपणे समजावून सांगत होत्या. “लवकर आलात, फार चांगलं केलंत,” असंही म्हणाल्या. मला मात्र एवढंच आठवतं की त्यांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं होतं आणि मी विचार करून राहिले होते, मॅडमना कोणी सांगत कसं नाही.

परतताना ह्यांनी स्कूटर एकदम थांबवली. मला वाटलं, चक्कर आली. तर समोर हलवाई. “जलेबी घेऊ,” म्हणाले. आमच्या जबलपूरची खोव्याची जलेबी, काळीभोर, पाकात निथळणारी. शुगर असलेला हा माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून जलेबी खातोय आणि डोळ्यांतून धार लागलीय.

मी म्हटलं, “अहो, कॅन्सर मला झालाय. शुगर तुम्हाला आहे. दोघांनी एकदमच जायचं ठरवलंय का?”

ते रडता रडता इतके हसले की ठसका लागला, आणि हलवायाने पाण्याचा गिलास पुढे केला. मग मला रडू फुटलं. भर रस्त्यात त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. एवढ्या वर्षांच्या संसारात रस्त्यावर आम्ही कधी हातसुद्धा धरला नव्हता.

पथरी जन्माला आली

घरी आई वाट बघत होत्या. आई म्हणजे सासूबाई. माहेर इथल्याच दीक्षितपुऱ्यातलं, वय अठ्ठ्याहत्तर आणि आवाज अठराचा. ऐकून घेतलं आणि देवासमोर जाऊन बसल्या. बाहेर आल्या त्या निर्णय घेऊनच.

“कोणाला काही सांगायचं नाही. पथरी म्हणायचं.”

“काहून?” मी विचारलं.

“रेवाचं लग्न व्हायचंय.”

रेवा आमची एकुलती एक मुलगी, बंगलोरला नोकरी करते. नाव नर्मदेचंच. आई म्हणाल्या, “आईला असा आजार म्हटलं की लोक मुलीकडे कसे बघतात ते मला विचार. माझ्या बहिणीच्या, शांतेच्या वेळी पाहिलंय मी.”

त्यांच्या बहिणीला काय झालं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत ती खोकल्याने गेली, असंच सगळ्यांना सांगितलेलं होतं. माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. चलो, पथरी तर पथरी.

ऑपरेशन झालं, एक बाजू काढली. जखमेतलं पाणी काढायला बरगडीशी नळी लावलेली आणि तिच्या टोकाला डबी, ती कुठे लटकवायची? आईंनी जुन्या साडीची छोटी झोळी शिवून आणली, गळ्यात अडकवायला. वॉर्डात ती झोळी एवढी गाजली की शेजारच्या दोघीतिघींनी मागून घेतल्या, आणि आई तिथेच स्टुलावर बसून सुईदोरा चालवायला लागल्या. संध्याकाळी आम्ही सगळ्या गळ्यात झोळ्या घालून व्हरांड्यात फेऱ्या मारायचो. सिस्टर ओरडायची, “दीदी लोग, मेला लगा है क्या?” खरं सांगते, तिथे मला एक क्षणही लाज वाटली नाही. लाज घरी आल्यावर सुरू झाली.

पुढे मला किमो लागली नाही, रोजच्या गोळीवर भागलं. हे माझ्यापुरतं. प्रत्येकीचं वेगळं असतं, तुम्ही आपल्या डॉक्टरचं ऐका. पण त्यामुळे झालं असं, की माझे केस शाबूत राहिले आणि केसांबरोबर आईंची पथरीही.

घरी आले त्याच दिवशी शेजारच्या दुबे भाभी कुळथाचं पाणी घेऊन हजर. “दीदी, ऑपरेशन अपनी जगह. दोबारा बननी नहीं चाहिए. रोज एक गिलास.” माझी मैत्रीण पुष्पा, नागपूरकडची, तिचा नवरा ह्यांच्याच फॅक्टरीतला, ती बिनतेलाची दुधी घेऊन आली. “तेलाचा थेंब नाही टाकला वं. मुकाट्यानं खाय.” मला खरं तर डॉक्टरांनी चांगलं चौरस खायला सांगितलेलं. पण पथरीवाल्या बाईला तळलेला पापड कोण देतो? मी उकडलेल्या दुधीवर दिवस काढले.

एक दिवस भाभी म्हणाल्या, “अम्माजी, पथरी तो दिखाओ.”

आमच्याकडे ही रीतच आहे. डॉक्टर पथरी बाटलीत घालून देतात आणि लोक ती शोकेसमध्ये ठेवतात, आल्यागेल्याला दाखवतात. आई शांतपणे म्हणाल्या, “अभी लाती हूँ,” आणि आतून खरोखरच एक बाटली घेऊन आल्या. आत गुळगुळीत, करडा खडा.

भाभींनी बाटली उजेडात धरली. “हाय राम! इतनी बड़ी!” मग एकदम “छी” म्हणून खाली ठेवली, साडीला हात पुसले आणि घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, हे त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तो खडा आईंच्या देव्हाऱ्यातला होता, नर्मदेच्या पात्रातून आणलेला. ‘नर्मदा के कंकर, सब शंकर’ असं आमच्याकडे म्हणतात, त्यातला.

“आई! तुम्ही शंकराला पथरी केलंत?”

“त्याने विष पचवलं,” आई बाटली उघडत म्हणाल्या. “हे काय जड आहे त्याला?” आणि खडा धुऊन परत जागेवर ठेवला, पुढची बघणारी येईपर्यंत.

पास

आता हसण्यातलं सोडून सांगते. टाके सुकल्यावर पहिल्यांदा मोकळी आंघोळ केली त्या दिवशी मी आरशात पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं. एका बाजूला मी आणि एका बाजूला नुसती एक आडवी रेघ. मी नळ सोडून रडले, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. जगले वाचले ह्याचा आनंद व्हायला हवा होता, सगळे तेच म्हणत होते. मला राग आला होता. पन्नाशी उलटलेल्या बाईला आता त्याचं काय, असं जे लोक मनात म्हणतात, त्यांचा जास्त राग आला होता.

ह्यांना मी पुढच्या खोलीत झोपायला पाठवलं. हात दुखतो, धक्का लागतो, असं काहीबाही कारण सांगितलं. त्यांनी मुकाट्याने उशी उचलली. पुढचे काही आठवडे आम्ही दोघं एकमेकांशी फार अदबीने वागत होतो, पाहुण्यांसारखं.

मग एका दुपारी ते चहा घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. “मी बघू का?”

“काय?”

“तेच.”

मला वाटलं नाही म्हणावं. पण चहा हातात धरून उभा असलेला तो माणूस इतका घाबरलेला दिसत होता की मी पदर बाजूला केला. ह्यांनी आधी चष्मा पुसला. मग खिडकीचा पडदा सरकवून उजेड घेतला. मग वाकून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, जराही घाई न करता पाहिलं.

“टाके सरळ घातलेत,” म्हणाले. “फिनिशिंग चांगलं आहे.”

“पास?”

“पास,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. चहा गार झाला. त्या दिवशी संध्याकाळी उशी परत आली.

हाताचा व्यायाम भिंतीवर बोटं चढवायचा होता. आई रोज जवळ उभ्या राहायच्या आणि बोटं जिथवर पोचतील तिथे हळदीचा ठिपका द्यायच्या. “कालच्यापेक्षा वर गेलंच पाहिजे,” असा दम. भिंतीवर पिवळ्या मुंग्यांची रांग चढल्यासारखे ठिपके झाले. दुबे भाभींनी विचारलं, “ये कौन सी पूजा है?” आई म्हणाल्या, “पथरी वाली.” भाभींनी नमस्कार केला.

मोहरी

शाळेत रुजू व्हायचं तर ब्लाउजच्या रिकाम्या बाजूचं काय करायचं, हा प्रश्न आला. विकतचं मिळतं, पण दुकानात जाऊन मागायचं कोणी? पुन्हा आईच पुढे झाल्या. ट्रंकेतून रेवाची बाळपणीची मोहरीची उशी काढली. तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात, ती. उसवून त्यातली मोहरी वाटीत काढली, मलमलीचा गोल शिवला, थोडी भरली, मला लावून बघायला सांगितलं, पुन्हा काढली, पुन्हा भरली.

“उजवीकडे जड होतंय.”

“मग दोन चमचे कमी करते.”

फोडणीची भाषा चालली होती आमची. शेवटी जमलं. आरशात दोन्ही बाजू सारख्या दिसल्या. ज्या मोहरीवर माझ्या लेकीचं डोकं होतं ती आता माझ्या छातीशी होती, आणि मला पुन्हा रडू आलं, पण हे रडू वेगळं होतं. आई म्हणाल्या, “रडू नको, भिजेल,” आणि स्वतःच डोळे पुसले.

शाळेत कोणाला काही कळलं नाही. गल्लीत नाही, बाजारात नाही. एकच जागा राहिली, जिथे कळल्यावाचून राहणार नव्हतं. ग्वारीघाट.

दर पुनवेला आम्ही चौघी, आई, दुबे भाभी, पुष्पा आणि मी, सकाळी एक ऑटो करून नर्मदेवर जायचो. कित्येक वर्षांचा नेम. बुडी मारायची, दिवा सोडायचा आणि मग घाटावर कपडे बदलायचे. आता तिथे खोल्या आहेत, पण गर्दी पाहिली की आमची जुनी पद्धतच बरी. भाभी आणि आई एक साडी ताणून धरायच्या, आडोशात पुष्पा आणि मी बदलायचो, मग आम्ही धरायचो आणि त्या दोघी बदलायच्या. ओल्या साड्या पिळत, थंडीने दात वाजवत ज्या गप्पा व्हायच्या त्या जगात दुसरीकडे कुठे होत नाहीत. कोणाची सून कशी, कोणाचा नवरा कसा घोरतो, सगळं त्या साडीच्या आत.

ऑपरेशननंतर मी जाईनाशी झाले. आधी डॉक्टरांचं नाव सांगितलं, मग थंडीचं. आईही माझ्यासाठी घरीच थांबायच्या. पुनवेला सकाळी ऑटो दारात यायचा, भाभी हाक मारायच्या, “चल रही हो?” आणि मी खिडकीतूनच हात हलवायची. ऑटो वळणावर दिसेनासा झाला की मला भरून यायचं. छातीचा तुकडा गेला तो गेला. माझी ऑटोतली जागाही जाते की काय, ह्याचं मला त्याहून जास्त वाईट वाटत होतं. आणि हे कोणाला सांगणार? पथरी झालेली बाई नदीवर का जात नाही?

नवस

संक्रांतीला रेवा आली होती, सुट्टी जोडून. तिळाच्या वड्या थापता थापता आई सहज म्हणाल्या, “ह्या वर्षी रथसप्तमीला आपलं हळदीकुंकू. आणि सकाळी सुषमाने घाटावर जायचं. बुडी मारून ओलेत्याने नर्मदा मैयाला चुनरी चढवायची. मी बोललेय.”

तुमच्याकडे रथसप्तमी म्हणजे हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. आमच्याकडे त्याच दिवशी नर्मदा जयंती. साऱ्या जबलपुराची गर्दी घाटावर.

“तुम्ही काय बोललात?” मी लाटणं खाली ठेवलं.

“नवस. तू ऑपरेशनला आत होतीस तेव्हा. बाहेर बसून आणखी काय करणार होते मी?”

“ओलेत्याने? सगळ्यांसमोर? आणि ती पथरी?”

आईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दोन्ही गोष्टी त्यांनीच केलेल्या, पण त्या दोन्ही एका घाटावर समोरासमोर येतील हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. रेवा पोट धरून हसत सुटली.

मग उपाय निघायला लागले. शाल पांघरून बुडी. अंधारात, दुसऱ्या ओसाड घाटावर. शेवटी आई म्हणाल्या, मोहरी आत ठेवूनच बुडी मारू दे. ह्यांनी लगेच ट्रायल घ्यायची ठरवली. बादली भरली, मोहरीचा गोळा बुडवला, काढला. तो शेरभर पाणी पिऊन लोंबायला लागला. “फेल,” हे म्हणाले. “हे पोटावर येईल.”

मी हसत नव्हते. मी म्हटलं, “आई, मी जाणार नाही. गेले तर लपवून जाणार नाही. काय ते सांगा.”

आई वड्यांकडे बघत राहिल्या. “रेवाचं...” त्यांनी सुरुवात केली.

“आजी,” रेवा म्हणाली, तिच्या त्या अर्ध्या हिंदी अर्ध्या मराठीत, “जो मुलगा माझ्या आईच्या बीमारीला घाबरून भागेल ना, तो भागलेलाच बरा. तू टेन्शन मत ले.”

आईंनी वड्यांचं ताट पुढे ओढलं. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मीही डॉक्टर मॅडमना विचारून ठेवलं. त्या म्हणाल्या, जखम छान भरलीय, बुडी मारा, फक्त त्या हाताला खरचटू देऊ नका.

घाटावर

रथसप्तमीला सकाळी ऑटो आला. मी आधी जाऊन माझ्या जागेवर, पुष्पाच्या शेजारी बसले. मोहरीचा गोळा घरी कपाटात होता. अंगावर जाड शाल होती, त्यामुळे कोणाला काही दिसलं नाही. भाभी खूश होत्या. “देखा अम्माजी, कुल्थी का कमाल!” आई ऑटोतून बाहेर बघत राहिल्या.

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. ‘नर्मदे हर’चा गजर चाललेला. शाल काढून पायरीवर ठेवली आणि कोणी बघायच्या आत मी पाण्यात उतरले. पाणी असं गार की श्वास अडकला. डोकं बुडवलं, वर आले, पुन्हा बुडवलं. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या अंगात काही कमी आहे असं मला वाटलं नाही. पाण्याला काय, ते सगळीकडून सारखंच लागतं.

पण बाहेर कसं यायचं? मी गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिले. तिघी बाहेर निघाल्या. पुष्पा ओरडून राहिली, “निघ नं वं! गारठशील!” भाभी दोन पायऱ्या खाली उतरल्या, हात पुढे केला. “आओ दीदी. अब तो पथरी का नामोनिशान नहीं बचा.”

आणि मला हसू फुटलं. आवरेचना. मी त्यांचा हात धरला आणि सरळ उभी राहिले. ओली साडी अंगाला चिकटलेली. एक बाजू होती, एक नव्हती.

“भाभी, पथरी नहीं थी,” मी म्हटलं. “कैंसर था. एक तरफ का निकाल दिया.”

भाभींची नजर माझ्या छातीवर गेली, मग तोंडावर, मग आईंवर. मला वाटलं आता हात सोडतील. हात त्यांनी आणखी घट्ट धरला, पण आवाज असा चढला की बाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. “मतलब मैं इतने महीनों से तुमको फालतू में कुल्थी पिला रही थी? और तुम पी रही थी? बोला काहे नहीं?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग खरा होता. मग त्यांना एकदम काही आठवलं. “और अम्माजी, वो बोतल वाली पथरी?”

“वो तो मैया का कंकर था,” आई हळूच म्हणाल्या.

“शंकर जी?” भाभींनी दोन्ही हातांनी कान धरले. “हाय मैया, मैंने शंकर भगवान को छी बोला! उनको छूके नहाई मैं!” आणि तिथेच पायरीवर वाकून त्यांनी नदीला तीन वेळा माफी मागितली. मी आणि पुष्पा हसून हसून पुन्हा पाण्यात पडायच्या बेतात होतो.

साडीच्या आत

नेहमीसारखी साडी ताणली गेली, एका टोकाला भाभी, दुसऱ्या टोकाला आई. आत पुष्पा आणि मी. चुनरी चढवेपर्यंत मला ओलीच राहायचं होतं, पण पुष्पाने मला हाताला धरून आत ओढलं. “दाखव.”

मी दाखवलं. तिने पाहिलं.

“दुखते काय?”

“नाही. थोडं ओढल्यासारखं वाटतं.”

मग तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या काखेजवळ, थोडा खाली, नेऊन ठेवला. “हे पाह्य नं. इथं.”

माझ्या बोटाखाली गाठ होती.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“दिवाळीपासून! आणि मला सांगितलं काहून नाहीस?”

“सांगू कसं?” पुष्पा म्हणाली. “तुले तं पथरी झाली होती.”

आडोशाची साडी एका बाजूने सर्रकन खाली आली. आईंच्या हातातून टोक सुटलं होतं. त्यांनी ते सगळं ऐकलं होतं. भाभींनी पटकन पुढे होऊन आम्हाला झाकलं. आई तशाच उभ्या होत्या, हात अर्धवट वर. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “चुनरी मी चढवते. तू कोरडी हो आणि डॉक्टरला फोन लाव.”

“आई, नवस...”

“मैया समजून घेईल. फोन लाव आधी.”

पुष्पाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन त्याच डॉक्टर मॅडमकडे गेले. तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी ती माझ्या हाताची बोटं मोडेल अशी धरून बसली होती. गाठ साधी निघाली. बाहेर आल्यावर मी तिला सरळ त्या हलवायाकडे नेलं. भिंतीवरचं घड्याळ मात्र अजून बंदच होतं, ह्या वेळी मी मॅडमना सांगून आले.

पण रथसप्तमीची संध्याकाळ राहिली सांगायची. त्या दिवशी आम्हाला पुष्पाचं काहीच माहीत नव्हतं, आणि घरी हळदीकुंकू होतं. बोलावणी आधीच गेलेली. गल्लीतल्या, शाळेतल्या, आईंच्या दीक्षितपुऱ्यातल्या, बायका यायला लागल्या. मी हळदीकुंकू लावत होते, सुट्टी वाढवून थांबलेली रेवा अत्तर लावत होती, आणि आई शेजारी खुर्चीवर बसून हातावर तिळाची वडी ठेवत होत्या. पुष्पा कोपऱ्यात बसली होती, चेहरा उतरलेला.

आईंची एक जुनी मैत्रीण आली. खाली बसता बसता माझ्याकडे बघून म्हणाली, “काय ग, पथरीचा त्रास गेला का?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आईंनी हात वर केला. वडी अजून त्यांच्याच हातात होती.

“पथरी नव्हती,” आई म्हणाल्या, त्यांच्या त्या अठरा वर्षांच्या आवाजात, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. “सुषमाला स्तनाचा कॅन्सर झाला होता. लवकर दाखवलं म्हणून ती आज इथे बसलीय. घरी गेल्यावर तूही स्वतःला तपासून बघ. सुनांना सांग, लेकींना सांग.”

आईंनी वडी मैत्रिणीच्या हातावर ठेवली आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

“आणि माझ्या शांतेलाही तेच झालं होतं,” त्या म्हणाल्या. “तिला खोकला नव्हता ग.”